चित्ता नंबर दोन

राहुरीच्या शांतवन पगारेला कुणी मिस्त्री म्हटलं की राग यायचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो तो मिस्त्री आणि स्पोर्ट्स कार बनवतो तो कारागीर, असं त्याचं म्हणणं. ट्रॉल्या त्यानंही पंधरा वर्षं बनवल्या होत्या. दुकानावरची पाटी उलटी केली तर मागं अजून ‘शांतवन ट्रॉली वर्क्स’ वाचता येत होतं. पण पुढच्या अंगाला आता लाल अक्षरांत ‘शांतवन स्पोर्ट्स कार’ लिहिलेलं होतं, आणि ती बाजू तो दर रविवारी चर्चला जाण्याआधी ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचा.

पहिली गाडी बनली त्याला आठ वर्षं झाली. मंडप आणि लग्नाचं सामान भाड्यानं देणारे अमृतशेठ एक दिवस दुकानात आले नि म्हणाले, "घोड्यावर बसायला पोरं लाजत्यात आता. नवरदेवाला बसवायला पिच्चरमधल्यावानी एखादी गाडी बनव." शांतवननं भंगारातून जुन्या जीपचा सांगाडा उचलला, त्यावर पत्रा ठोकला, पुढं टोकदार नाक काढलं, मागं दोन पंख काढले, लाल रंग मारला आणि नाव ठेवलं चित्ता. गाडीला नंबर नव्हता, त्यामुळे ती रस्त्यावर काही धावत नसे. टेम्पोत चढवून लग्नाच्या गावी न्यायची, नवरदेव परण्याला निघाला, म्हणजे वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला निघाला, की वेशीपासून देवळापर्यंत चालवायची आणि पुन्हा टेम्पोत चढवायची. असे चौदा चित्ते शांतवननं विकले. एक तर पार राजूरच्या डोंगरात गेला.

आणि चौदाही चित्त्यांची त्याला मनापासून लाज वाटायची.

कारण खोट कुठं आहे ते बनवणाऱ्यालाच ठाऊक असतं. जीपचा सांगाडा उंच, म्हणून गाडी उंच. टप करायचा राहून गेला, म्हणून उघडी. मागचं माप चुकलं, त्यामुळे सीटच्या मागं खाटेएवढी जागा उगीच पडून राहिलेली. दारं नुसती दिसायला. आत जायचं तर टांग टाकून. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पेट्रोलची नळी सायलेन्सरला खेटून गेलेली. बँडच्या चालीनं पाव तास गाडी चालली की नळी तापायची आणि भर मिरवणुकीत चित्ता बसकण मारायचा. मग वऱ्हाड्यांनी ढकलायचा. "गाडी कुनी बनवली?" असं लग्नात कुणी विचारलं की शांतवन जिलेबीच्या कढईकडं बघत पुढं सरकायचा.

बरं, पुढच्या गाड्यांत तरी सुधारणा करावी, तर गिऱ्हाईक ऐकेल तर शपथ! प्रत्येकाचं एकच, "अमृतशेठची हाय तश्शी पायजे. एक खिळा हिकडचा तिकडं नको." शांतवनला त्यांची कीव यायची. बिचाऱ्यांनी चांगली गाडी बघितलीच नाही, त्याला ते तरी काय करणार?

शेवटी त्यानं एका वहीत तेरा खोटा लिहून काढल्या आणि दीड वर्ष खपून चित्ता नंबर दोन बनवला. जमिनीला टेकेल इतका बुटका. दोन सीट, वर टप, काळ्या काचा, आत एसी, आणि दारं अशी की बटण दाबलं की वर उघडायची. नळी पार दुसऱ्या बाजूनं फिरवलेली. वहीतली तेरावी खोट त्यानं दोनदा रेघ मारून खोडली. बायकोला, रूथला, त्यानं वही दाखवली. रूथ प्राथमिक शाळेत बाई होती. पोरांच्या वह्या तपासता तपासता तिनं ही वहीही वाचली आणि म्हणाली, "अहो, एखादी तरी ऱ्हाऊ द्यायची. बिनचुकीच्या पोराशी वर्गात कुनी खेळत न्हाई."

"पोरांचं येगळं अन् गाडीचं येगळं," शांतवन म्हणाला. असल्या बाबतीत तो बायकोचं ऐकत नसे, आणि इतर बाबतीतही फारसं नाही.

हौसेनं त्यानं एकदम चार गाड्या बनवल्या. एक अमृतशेठनं भिडेखातर घेतली. उरलेल्या तीन शेडमध्ये प्लास्टिकच्या कागदाखाली उभ्या राहिल्या. लोक यायचे, दारं वर-खाली करून बघायचे, "लई भारी" म्हणायचे, आणि जाता जाता विचारायचे, "आन जुनी हाय का एखादी?" अख्खी लग्नसराई अशीच चालली. शेवटी अमृतशेठच दुकानात आले.

"शांतवन, जुन्यासारखा आनखी एक चित्ता बनवून दे. न्हाईतर मी श्रीरामपूरच्या छगनकडून बनवून घेतो. त्यो हुबेहूब काढतो म्हनला."

माझ्या चुका आता दुसरा माणूस हुबेहूब काढणार! शांतवननं हातातला पाना खाली ठेवला. तो म्हणाला, "शेठ, लोकांनी दोन नंबर नीट चालताना बघितलाच न्हाई. तुमचा डायवर कसातरी चालवतो. एक लगीन मला द्या, मी सोता चालवतो. त्याच्यावर बी कुनी नको म्हनलं, तर मी पाटी उलटी करतो अन् जल्मभर ट्रॉल्या बनवतो." तोंडातून गेलं ते गेलं. रात्रभर त्याला झोप लागली नाही, कारण बोललेलं फिरवायची त्याला सवय नव्हती.

लग्न ठरलं कोल्हारचं. कारभारी खर्ड्यांचा मुलगा आदिनाथ नवरदेव. साडेसहाची गोरज वेळ, परण्या साडेचारला निघायचा. शांतवन इस्त्रीचा शर्ट घालून, गाडी दोनदा पुसून वेशीपाशी उभा राहिला. सोबत रूथही आली होती. नवऱ्याच्या चेहऱ्याकडं बघून तिला घरी थांबवेना.

पहिला तिढा फेट्याचा निघाला. आदिनाथचा फेटा बांधायला तासभर लागला होता आणि त्यावर वीतभर तुरा होता. गाडीचा टप त्याच्या कमरेला. त्याला आधी आडवा, मग तिरका घालून बघितला. शेवटी मान छातीला टेकवून, हनुवटी हारात खुपसून नवरदेव आत बसला. तेवढ्यात त्याची बहीण पूजा कलश घेऊन पुढं आली. ती करवली, नवरदेवाच्या मागं तिनं बसायचं ही रीत.

"मी कुठं बसू?"

"ताई, ही दोन शिटची हाय," शांतवन अदबीनं म्हणाला. "खरी स्पोर्ट्स कार दोन शिटचीच असती."

"खऱ्या स्पोर्ट्स कारीला बहीन नसती का? मंग तुमी उतरा."

"मी उतरल्यावर चालवनार कोन?"

पूजानं तीन महिने आधी शिवून घेतलेला घागरा दोन्ही हातांनी उचलला, कलश काखेत मारला आणि गाडीच्या मागं पायी चालू लागली. तिच्या चेहऱ्याकडं बघायची बँडवाल्यांचीही छाती झाली नाही.

गाडी मात्र अशी निघाली की शांतवनच्या डोळ्यांत पाणी आलं. आवाज नाही, हिसका नाही, धूर नाही. अडचण एकच होती, बँडच्या चालीनं ती चालायलाच तयार नव्हती. जरा पाय ठेवला की पुढं. बँडवाले आधी भरभर चालले, मग पळाले. क्लॅरिओनेटवाल्यानं अर्ध्या गाण्यातच हात टेकले. नाचायला आलेली पोरं हात वर करेपर्यंत गाडी पुढच्या गल्लीत गेली होती. दारोदारी बाया ओवाळायला ताटं घेऊन उभ्या होत्या. त्यांना काळ्या काचेत नवरदेव काही दिसेना, आपलंच तोंड दिसे. एकीनं काचेत बघून कुंकू नीट केलं आणि ताट घेऊन घरात गेली. नवरदेवाच्या सत्तरीच्या आत्याबाई, लंकाबाई, काचेवर टिचक्या मारत मोठ्यानं म्हणाल्या, "आरं, पोरगं हाय का आत? का मोकळीच फिरीवताय?"

देवळासमोर गाडी उभी राहिली. शांतवननं बटण दाबलं, दारं झोकात वर गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि दारांत अडकून पताकांची अख्खी माळ खाली आली. ती नवरदेवावरून बाजूला केली, मग दोघांनी दोन हात धरून त्याला बाहेर ओढला. तुरा मोडला होता.

कारभाऱ्यांनी घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं झाली होती.

"झालं?" ते म्हणाले. "एवढंच? सोयरेधायरे अजून चहा पित्यात तिकडं. माझ्या पोराचा परन्या झाला कवा अन् बघितला कुनी?"

शांतवननं गाडीकडं बोट दाखवलं. "एसी लावला हुता," तो म्हणाला.

तेवढ्यात अमृतशेठनं आपल्या माणसाला खूण केली. पाराच्या मागं आणखी एक टेम्पो उभा होता. त्यावरची ताडपत्री सरकली आणि खालून जुना चित्ता निघाला. उंच, उघडा, पंखावरचा रंग उडालेला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. शांतवन अमृतशेठच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"शेठ, तुमी मला न सांगता ह्यो आनला?"

"आनावा लागला," अमृतशेठ खाली बघत म्हणाले. "राग धरू नको. तुझा दोन नंबर लई देखना हाय. पन लोकं गाडी बघायला गोळा व्हत न्हाईत रं, नवरदेव बघायला व्हत्यात. त्यात त्यो दिसतच न्हाई."

परण्या पुन्हा वेशीपासून निघाला, चालवायला अमृतशेठचा डायवर. आदिनाथ सीटच्या पाठीवर चढून बसला; मोडका तुरा सरळ करून पुन्हा खोवला होता आणि तो अर्ध्या गावाला दिसत होता. त्याच्या मागच्या त्या चुकीच्या मापाच्या जागेत पूजा कलश घेऊन बसली, शेजारी लंकाबाई बसल्या, आणखी चार चुलतबहिणी टांगा टाकून चढल्या. बँडवाले निवांत चालले. पोरं नाचली, बायांनी ओवाळलं, कुणी नवरदेवाच्या तोंडात पेढा कोंबला. शांतवन घोळक्याच्या कडेनं मान खाली घालून चालत होता. घरी गेल्यावर पाटी उतरवायला शिडी कुणाची मागावी, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता.

दूध डेअरीच्या वळणावर चित्ता गचकला आणि बंद पडला. बरोबर पाव तास झाला होता.

 लाज वाटली तरी शांतवनचे हात थांबेनात. त्यानं रूथच्या पिशवीतली पाण्याची बाटली घेतली, फडकं भिजवलं आणि पुढं धावून बॉनेट उघडलं. नळी चटका बसेल इतकी तापली होती. दोन मिनिटं ओलं फडकं ठेवलं की गाडी चालू. त्याला झोपेतही जमलं असतं.

डेअरीसमोरच्या लिंबाखाली कारभाऱ्यांचा धाकटा भाऊ भीमा उभा होता. डेअरीच्या निवडणुकीत दोघं भाऊ समोरासमोर उभे राहिले, तेव्हापासून सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. पुतण्याच्या लग्नाला भीमा आला होता, पण हात मागं बांधून लांबूनच बघत होता. कारभाऱ्यांनी एकट्यानं गाडीला खांदा लावला. नवरदेव आणि सहा बायांसकट ती काय हलते! पोरं पुढं नाचण्यात दंग. कारभाऱ्यांनी घाम पुसला, इकडं तिकडं बघितलं आणि एकदम खेकसले, "भीमा! बघत काय उभा ऱ्हायलास? पुतन्याची गाडी हाय. हात लाव!"

बँड वाजतच होता, पण आसपासची माणसं वळून बघू लागली. लंकाबाईंनी आपल्या दोन्ही भावांकडं बघून पदराचं टोक तोंडात धरलं. भीमानं तंबाखू थुंकली. चार पावलं पुढं आला, आणि उघडं बॉनेट दिसताच थबकला.

"मिस्त्री," त्यानं विचारलं, "व्हतीया का चालू?"

हो म्हटलं असतं तर तो तिथूनच लिंबाखाली माघारी गेला असता. त्याचं एक पाऊल तर वळलंही होतं.

शांतवननं हातातल्या ओल्या फडक्याकडं बघितलं. मग रूथकडं बघितलं. वह्या तपासताना पोराला उत्तर येतंय असं दिसलं की ती जशी थांबायची तशी थांबली होती. सगळं वऱ्हाड ऐकत होतं. आपल्या हातची गाडी आपल्यालाच चालू करता येत नाही, हे एवढ्या लोकांत सांगायचं?  मग त्यानं फडकं रस्त्यावर पिळून टाकलं आणि बॉनेट धाडकन लावलं.

"न्हाई वो," तो म्हणाला. "न्हाई व्हत. ढकलावीच लागंल."

भीमा आला आणि भावाच्या शेजारी खांदा लावून उभा राहिला. "जोर मागून लाव," कारभारी म्हणाले. "मला नगं शिकवू," भीमा म्हणाला, आणि दोघांचं लगेच तिथंच भांडण सुरू झालं. सहा वर्षांचं साचलेलं, त्यामुळे भरपूर होतं. पण गाडी हलली. शांतवननं बाह्या वर केल्या आणि तोही मागून लागला. देवळापर्यंत चढ होता. तिघांचे शर्ट पाठीला चिकटले, वरून लंकाबाई रडत रडत हसत होत्या आणि पूजा त्यांना कलश सांडेल म्हणून दटावत होती.

"काय धूड हाय!" भीमा धापा टाकत म्हणाला. "कुठल्या येड्यानं बनवली रं ही गाडी?"

आठ वर्षांत हा प्रश्न आला की शांतवन दुसरीकडं बघायचा. आज त्यानं बघितलं नाही.

"मी," तो म्हणाला. बँडच्या आवाजात भीमाला ऐकू गेलं नाही, म्हणून त्यानं खांदा तसाच ठेवून मान वर केली आणि अख्ख्या वऱ्हाडाला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "मी बनवली! शांतवन पगारे, राहुरी!"