गीतांची फेरी

"आले का गं?" दिगंबर साळव्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"येतील हो. डेव्हन रस्त्यावर पार्किंग मिळायला नको का?" प्रतिमानं करंज्यांच्या ताटावरचा रुमाल उगाच सारखा केला.

शिकागोतल्या मराठी ख्रिस्ती मंडळीत नाताळाआधी घरोघरी गीतं गात फिरायची रीत दिगंबररावांनीच पाडलेली. बर्फात ढोलकी बडवत हा माणूस असा रंगायचा, की शेजारचा गोरा म्हातारा पायजम्यातच बाहेर यायचा. आता कॅन्सरनं त्यांचा पार चोथा केला होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. जाण्याआधी दारातलं गाणं एकदा कानावर पडावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

अंधार पडून बराच वेळ झाला, तेव्हा प्रतिमानं फोन लावला. फेरीचं सगळं हल्ली देवयानी बघायची.

"अहो काकू, तुमचं घर आम्ही स्किप केलं. काका इतके आजारी, आणि आम्ही येऊन ढोलकी वाजवायची? बरं नाही ना दिसत! डिस्टर्ब नको म्हटलं. आता तर पार नेपरविलला पोचलोय. पण प्रेअरमध्ये आहात हं तुम्ही!"

दुखवट्याच्या घरी फेरी नेत नाहीत. साळव्यांच्या घरचा दुखवटा मंडळींनी माणूस जिवंत असतानाच पाळून टाकला होता.

प्रतिमाला रडू आलं नाही. संताप आला, आणि तोही देवाचा. नाताळाआधीच्या आगमनकाळात दर रविवारी मेणबत्ती लावायची आणि मनन ऐकायचं : वाट पाहा, तो येतो आहे. 'कुठं येतोस रे?' ती मनात म्हणाली. 'तू नाहीस तर नाहीस, चार गाणारी माणसं तरी धाडायचीस.'

"आले का?"

"आले," ती म्हणाली.

कोट चढवून ती बाहेर गेली, दार ओढून घेतलं आणि पायरीवर उभी राहून गोठ्यातल्या बाळाचं गीत गायला लागली. आवाज चिरका, सूर वाकडा. दुसऱ्या कडव्यातच दम संपला, तशी ती आत आली.

"एकटीच गातेय कुणीतरी," दिगंबरराव पुटपुटले. "बाकीचे कुठंयत?"

"आहेत ना. गारठलेत बिचारे."

"मग आत घे की सगळ्यांना."

तिनं दार सताड उघडलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. "या," ती म्हणाली, आणि सगळे आत येऊन बसतील एवढा वेळ दार तसंच धरून उभी राहिली.