एकोणचाळीस नंबरचा अंगठा

मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी एकोणचाळीस नंबरचा नमुना चुकीच्या घरात जाऊन बसला.

घर संगणकाच्या पडद्यावरचे होते. जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत चार महिन्यांपासून एका विषाणूची वंशावळ मांडण्याचे काम चालू होते. विषाणू देवीच्या रोगाच्या गोतावळ्यातला. तो गाईच्या सडांवर फोड आणतो आणि धार काढणाऱ्याच्या हातावरही. त्याने माणूस सहसा दगावत नाही, पण दोन-तीन आठवडे बोट वर धरून फिरतो आणि भेटेल त्याला दाखवतो. पंचवीस गोठ्यांतून एकसष्ट खपल्या आल्या होत्या, काही गाईंच्या, काही माणसांच्या. प्रत्येक खपलीतल्या विषाणूच्या जनुकीय संहितेची सुमारे दोन लाख अक्षरे यंत्र वाचून काढी आणि कोण कोणाचा सख्खा, कोण चुलत, हे त्यावरून ठरे.

त्यात दोन मोठ्या शाखा निघाल्या. एकीत एका ठरावीक जागी अठरा अक्षरे गळालेली, दुसरीत ती जागच्या जागी. प्रयोगशाळेत त्यांना ‘गळकी’ आणि ‘शाबूत’ म्हणत. अहवालात अर्थातच कोणाच्या जिभेवर बसणार नाहीत अशी नावे होती. शिवाय गोठ्यागोठ्यागणिक दोन-चार अक्षरांचा फरक होताच, त्यामुळे विषाणू आपला पत्ता बरोबर घेऊनच फिरे.

एकोणचाळीस नंबर हा एका माणसाचा उजवा अंगठा. त्याच्या गोठ्यातल्या तिन्ही आजारी गाई गळक्या शाखेच्या. अंगठा मात्र शाबूत. तो अक्षर न् अक्षर जुळत होता चव्वेचाळीस नंबरच्या गाईशी, आणि ती गाय वेगळ्याच गोठ्यातली. अंगठ्याच्या मालकाने फॉर्मवर लिहून दिले होते की दुसऱ्या कोणाच्या जनावराला त्याने वर्षभरात हात लावलेला नाही.

ही मांडणी जी करत होती ती तीन भावंडांतली मधली. घरी तिला मधली म्हणूनच हाक मारत. नळीवर चिठ्ठी लावली की ती तीनदा वाचायची, तीही मोठ्याने. भाजीत मीठ टाकताना ती चमचा सुरीने सपाट करते, ही तिच्या भावांची जुनी थट्टा होती, आणि ती खोटी नव्हती. अशा बाईच्या हातून नळ्यांची अदलाबदल झाली असेल, असे विभागप्रमुख मॅडमना वाटत नव्हते. पण मॅडमना काय वाटते यावर शोधनिबंध छापून येत नाही.

अर्धी खपली फ्रीजरमध्ये राखून ठेवलेली होती. ती काढून पुन्हा वाचली. बुधवारी संध्याकाळी उत्तर आले, तेच. म्हणजे गफलत यंत्राची नव्हती. नळीच मुळात बदलली असेल तर मात्र दुसरी अर्धी खपलीही तेच सांगणार. नवा नमुना मिळणे शक्य नव्हते, अंगठा कधीच बरा झाला होता. मॅडमनी शांतपणे सांगितले की एक नळी बदलली असेल तर बाकीच्या साठांवर तरी विश्वास कोणी आणि का ठेवायचा. गुरुवारी पाच वाजेपर्यंत अंगठ्याच्या मालकाचा सहीनिशी खुलासा आला नाही, तर एकसष्टच्या एकसष्ट नमुने बाद. चार महिने पाण्यात.

नमुन्यांमागची नावे मॅडमच्या कपाटात कुलपात असत. मॅडमनी यादी काढली, एकोणचाळीस पाहिला, चव्वेचाळीस पाहिला आणि चष्म्यावरून मधलीकडे पाहिले.

“दोन्हीकडे आडनाव तुमचंच आहे.”

मधलीने दोन्ही नावे मोठ्याने वाचली. एकोणचाळीस म्हणजे तिचा थोरला भाऊ. चव्वेचाळीस नंबरची गाय धाकट्याच्या गोठ्यातली, बाईसाहेब नावाची.

दोन्ही गोठे एकाच गल्लीत समोरासमोर होते आणि भाऊ तीन वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. गुरांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली तेव्हा बाईसाहेब धाकट्याकडे गेल्या. थोरल्याने त्यांच्या बदल्यात दोन गाई देऊ केल्या. धाकटा म्हणाला, चिठ्ठी ती चिठ्ठी. विषय तेवढाच, पण दोघांनी तो मोठ्या निष्ठेने जपला होता. बाईसाहेब आता आमच्या घरच्या हाताला सरावल्या, असे धाकटा चहाच्या दुकानात अशा बेताने सांगे की समोरच्या गोठ्यात ऐकू जावे.

मॅडम म्हणाल्या की एरवी सख्ख्या बहिणीला पाठवले नसते. पण नमुने गोळा करणारे गुरांचे डॉक्टर मंगळवारपासून याच प्रश्नासाठी थोरल्याकडे दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा पोटभर चहा पिऊन, उत्तर न घेता परतले होते.

गुरुवारी साडेअकराला मधली गोठ्यात पोचली तेव्हा थोरला बादल्या धूत होता. हातात कोपरापर्यंत निळे हातमोजे. साथ आल्यापासून हातमोज्यांशिवाय गाईला शिवायचे नाही हा नियम, आणि तो पाळणारा गल्लीत आपण एकटाच, हे त्याने तिने न विचारताच सांगितले. समोरच्या लोकांचे आपल्याला माहीत नाही, असेही जोडले.

तिने फॉर्म पुढे केला आणि सगळा प्रकार सांगितला. थोरल्याने मन लावून ऐकले. मग त्याने सुचवले की अठरा अक्षरे प्रयोगशाळेतच कुठेतरी सांडली असतील, टेबलाखाली बघितले का.

“दादा, तुझ्याकडच्या गाईंत गळाली आहेत. तुझ्या अंगठ्यात आहेत.”

“मग चांगलंच आहे की. माझ्यात काही कमी नाही.”

ती हसली नाही. म्हणजे थोडी हसली, पण खाली बघून. मग तिने त्याच्या हातमोज्यांचे कौतुक केले. ते काम करतात, हे कागदावरच दिसते आहे, असे सांगितले. त्याचा अंगठा सुजलेला असतानाही त्याच्या एकाही गाईला त्या अंगठ्यातला विषाणू लागला नाही. तेव्हा ज्या गाईकडून तो लागला, तिला त्याने मोकळ्या हाताने धरले असणार. एवढा नियमाचा माणूस हातमोजे काढतो ते कोणासाठी?

थोरल्याने बादली विसळली. ती आधीच स्वच्छ होती.

“रबराच्या वासानं पान्हा चोरते ती,” तो म्हणाला.

त्यानंतर बाकीचे एकेक करून बाहेर आले. बाईसाहेब धाकट्याच्या हाताला कधीच सरावल्या नव्हत्या आणि त्याच्या बायकोच्या हाताला तर लाथच मारत. कास भरून दुखायला लागली तेव्हा धाकट्याच्या बायकोने मागच्या दाराने येऊन भाऊजींना विनवले. धाकटा रोज दुपारी बारा ते दीड चारा आणायला जातो. त्या वेळात थोरला जाऊन धार काढून येतो. सात महिने झाले. धार बायकोच काढते, अशी धाकट्याची समजूत. तिच्या हाताचे त्याने चारचौघांत कौतुकही केले आहे, हे सांगताना थोरल्याचा चेहरा जरा आंबट झाला.

सही करायला त्याची ना नव्हती. अट एकच, धाकट्याला कळता कामा नये. मधलीने सांगितले की अहवालाची प्रत दोन्ही गोठ्यांच्या मालकांना जाते आणि नमुना कुठून कुठे जुळला हे त्यात लिहावेच लागते. थोरला हातमोज्याचे एक बोट ओढत म्हणाला, “मग लिही ना, नळ्या बदलल्या म्हणून. एका ओळीचं तर काम.”

“तसं लिहिलं तर सगळी वंशावळ जाते. आणि उद्यापासून मी तिथं बाटल्या धुते.”

“बाटल्या तू चांगल्या धुतेस.”

“दादा.”

त्याने तिच्याकडे पाहिले. ती भांडायला आली असती तर त्याला सोपे गेले असते. ती पेन पुढे धरून नुसती उभी होती, आणि पेनाचे टोपण तिने आधीच काढून ठेवले होते.

बारा वाजून सात मिनिटांनी थोरल्याने उजवा हातमोजा काढला आणि खुलाशाच्या रकान्यात एक वाक्य लिहिले: ‘समोरच्या गोठ्यातल्या एका गाईची धार मी रोज हातमोजे न घालता काढतो.’ खाली सही. मग तो घाईने मागच्या दाराने निघून गेला, कारण बाईसाहेबांना उशीर चालत नाही. हातमोजे नकोत तर निदान आधी आणि नंतर साबणाने हात धू, असे तिने मागून सांगितले. त्याने मान हलवली की उडवली, हे तिला कळले नाही.

पाचला दहा कमी असताना मॅडमनी खुलासा दाखल करून घेतला. एकसष्ट नमुने वाचले. अहवालाला जोडण्यासाठी मॅडमनी धाकट्याचाही फॉर्म काढला. तो मधलीने आजवर पाहिला नव्हता. ‘गोठ्यात धार काढणाऱ्यांची संख्या’ या रकान्यात धाकट्याने तीन लिहिले होते. त्याच्या घरात माणसे दोन. डॉक्टरांना फोन लावला, तर ते म्हणाले की त्यांनाही खटकले होते म्हणून त्यांनी विचारले होते. धाकटा म्हणाला, तीनच राहू द्या. तेवढ्यात डॉक्टरांचा चहा आला.

शुक्रवारी दुपारी दोन्ही प्रती रवाना झाल्या. शनिवारी सकाळी पोच आली, दोघांच्याही सह्यांची. कोणाचाच फोन नाही.

रविवारी साडेबाराला मधलीने थोरल्याला फोन लावला. तो धाकट्याच्या बायकोने उचलला. भाऊजींचा फोन आपल्याकडे ओट्यावर राहिला आहे, भाऊजी गोठ्यात आहेत, असे ती हळू आवाजात म्हणाली.

“आणि हा? चाऱ्याला गेलाय ना?”

“नाही ना ताई. आज गेलेच नाहीत. तेही गोठ्यातच आहेत.”

“भांडतायत?”

“आवाज कुणाचाच येत नाही. बादलीत धार पडतेय तेवढी ऐकू येते. थांबा, बघून सांगते.”

तिने फोन ठेवला. संध्याकाळी सहापर्यंत तिचा परत फोन आलेला नव्हता.