उडत्या काळी-पिवळीची उजवी बाजू

मित्रांनो, मी एक जुनी उडती गाडी आहे. दचकू नका, मी आजवर एकदाही उडालेले नाही. माझी लांबी वीतभर आणि वजन एखाद्या पेरूएवढं. मला चाकं नाहीत. चाकांच्या जागी सेंटच्या डब्यांची गोल झाकणं बसवलेली आहेत. त्यांतून हवेचा झोत खाली सुटतो आणि मी जमिनीपासून हातभर उंच तरंगत जाते, असं मला घडवणाऱ्यानं ठरवलं होतं. त्यानं ठरवलं म्हणून मीही ते खरं मानलं.

त्याचं नाव कल्याण. पुणतांब्याच्या स्टेशनरोडला, घराच्याच पुढच्या खोलीत, त्याचं रेडियमचं दुकान होतं. मोटारसायकलच्या नंबरप्लेटा, ट्रॅक्टरच्या मागचे आईवडिलांचे आशीर्वाद, टेम्पोच्या काचेवरचे वाघ, सगळं तो हातानं कापून चिकटवून द्यायचा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की काउंटरखालून त्याचा एक खोका बाहेर यायचा आणि त्या खोक्यात पुढच्या काळातल्या गाड्या तयार व्हायच्या. कुणी थट्टेनं म्हणालं, "कल्याणशेठ, पोरांची खेळणी करता काय?" की तो मान वर न करता सांगायचा, "खेळनी न्हाईत. सन एकवीसशेच्या गाड्या हायेत. तवा रस्तेच नसत्याल, मग खड्डे कुठनं येत्याल?"

माझं अर्धं अंग किटमधून आलं. प्लॅस्टिकच्या चौकटींना जडवलेले सुटे भाग होते आणि खोक्यावर एका जुन्या जीपचं चित्र होतं. उरलेलं अर्धं अंग कल्याणच्या घरातलं आहे. माझं इंजिन म्हणजे त्याच्या आईची, झुंबरबाईची, मिश्रीची रिकामी डबी. माझ्या मागच्या नळ्या बॉलपेनच्या. पुढची जाळी तुटक्या फणीच्या दातांची. चालकासमोरची बटणं टीव्हीच्या मेलेल्या रिमोटची. डोक्यावरचा काचेचा घुमट पाण्याच्या बाटलीचा तळ कापून केलेला. शेजारच्या ट्रॅक्टर गॅरेजवाल्या आमोसनं आपल्या भंगारातून तांब्याची तार आणून दिली, ती माझी एरियल झाली. रंग मात्र कल्याणनं ठरवून दिला, काळा आणि पिवळा. कारण मी साधी उडती गाडी नव्हते. मी उडती काळी-पिवळी होते. माझ्या कपाळावर त्यानं नखाएवढ्या अक्षरांत लिहिलं, 'पुणतांबा ते शिर्डी, मार्गे आभाळ'. ते वाचून आमोस एवढा हसला, की त्याला खाली बसावं लागलं.

माझी डावी बाजू कल्याणनं एकट्यानं केली. पिवळ्या रेडियमची दोऱ्याइतकी बारीक पट्टी दारावरून शेपटीपर्यंत नेली, ती कुठं तसूभरही हलली नाही. दाराखाली त्यानं गंजाचे डाग रंगवले, नळ्यांच्या तोंडाशी काजळाची काजळी धरली. मी अजून एकदाही धावले नव्हते, तरी बघणाऱ्याला वाटायचं की वीस वर्षं प्रवासी वाहून ही दमलीय.

उजव्या बाजूला हात घातला आणि त्याच्या बोटातून चिमटा निसटला. त्यानं उचलला, पुन्हा निसटला. मग हे रोजचंच झालं. एकदा पाती घसरून अंगठा कापला. एकदा गिऱ्हाइकाच्या नंबरप्लेटवरचा आकडा वाकडा लागला आणि तो माणूस तोंडावर बोलून गेला. कल्याण आपल्या हातांकडे असा बघत बसला, जणू ते दुसऱ्या कुणीतरी त्याच्याकडे ठेवायला दिलेत.

आमोसनं त्याला आणि पंकजाला आपल्या गाडीतून नगरला नेलं. पंकजा म्हणजे कल्याणची बायको. बऱ्याच तपासण्यांनंतर डॉक्टर म्हणाले, "स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत. आधी हात, मग पाय, मग जीभ. याच्यावर औषध नाही. त्यांना जपा." हे मला कसं ठाऊक? घरी आल्यावर पंकजानं झुंबरबाईच्या कानाशी तोंड नेऊन ते ओरडून ओरडून सांगितलं. म्हातारीला कमी ऐकू यायचं. असली गोष्ट ओरडून सांगावी लागणं किती वाईट, ते मी त्या दिवशी पाहिलं.

कल्याणनं त्या संध्याकाळी मला टेबलावर घेतलं. पंकजा भडकली.

"अजून ह्येच? डॉक्टर काय म्हनले ते ऐकलं न्हाई का तुमी?"

"ऐकलं. म्हनून तर घाई हाय."

"एवढी काय ती गाडी! कोन बसनार हाय तिच्यात?"

कल्याण उजवं दार उचलायला गेला आणि ते खाली पडलं. तो वाकला, पण बोटं मिटेनात. पंकजा बघत राहिली. मग तिनं जमिनीवरून दार उचललं, पदरानं पुसलं आणि त्याच्या समोर बसली.

"सांगा," ती म्हणाली. "कुठं लावायचं?"

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले चांगले दिवस कुठले, असं विचाराल तर ते हेच. सकाळी पंकजा दुकान उघडायची, कारण आता रेडियम तीच कापायची, शिकत शिकत, चुकत चुकत. दुपारी कल्याणला खुर्चीत बसवून ती मला पुढ्यात घ्यायची. "हलकं धर. श्वास सोड आन् मग काप," तो सांगायचा. ती श्वास रोखायची आणि कापायची. पट्टी वाकडी जायची. एक झाकण तिरकं बसलं. रंगाचा एक ओघळ दारावरून खाली आला आणि तसाच वाळला.

"बिघाडलं बघा."

"ऱ्हाऊ दे."

"काढून पुन्हा लावू का?"

"ऱ्हाऊ दे म्हनलं ना!"

एके दिवशी त्याला खुर्चीतच डुलकी लागली, तेव्हा तिनं मला आपल्या मनानं सजवलं. दाराला ब्लाउजचे हूक लावून मुठी केल्या. पुढच्या दिव्याच्या जागी हिरव्या काकणाचा तुकडा बसवला. मागच्या दिव्याला आपली लाल टिकली लावली. कल्याण जागा झाला आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. पंकजाला वाटलं, रागावला. ती म्हणाली, "काढते."

"काकनाचा दिवा," तो म्हणाला. त्याची जीभ तोवर जड झाली होती. "मला आयुष्यात सुचला नसता."

मी पूर्ण झाले. पारदर्शक ॲक्रिलिकच्या काडीवर मला उभं केलं, म्हणजे लांबून मी तरंगतेय असं दिसावं. आणि मला त्याच्या कॉटसमोर ठेवलं, उजवी बाजू त्याच्याकडे करून. तसं ठेवायला त्यानंच सांगितलं होतं.

पुढं त्याचं बोलणं इतकं घोगरं झालं, की शब्द एकमेकांत मिसळायचे. एका दुपारी पंकजा दुकानात होती. झुंबरबाई कॉटशी बसून त्याचे पाय चोळत होती. कल्याण माझ्याकडे बघत एकेक शब्द ओढून काढत म्हणाला, "आये, ती उजवी बाजू पंकजाची हाय. माझ्या समद्या कामात तेवढीच मला लई आवडती. त्या बाजूला कुनालाबी हात लावू देऊ नको."

"काय म्हनतोस?" म्हातारीनं कान पुढं केला. त्यानं पुन्हा सांगितलं. आता आणखीच अवघड गेलं.

"व्हय रे बाळा, व्हय," झुंबरबाई म्हणाली आणि त्याला पाणी पाजायला उठली. तिला वाटलं, तहान लागली असेल.

त्याचा आवाज मी पहिल्यापासून ऐकत आले होते, म्हणून मला कळलं. नंतर काही दिवसांतच त्याचं बोलणं बंद झालं.

त्याच सुमारास नगरला एका सभागृहात हस्तकलेचं प्रदर्शन भरलं. आमोसनं हट्ट धरला. "वहिनी, कल्याणचं नाव तरी होऊ द्या." पंकजा मला मांडीवर घेऊन गेली. लोकांनी माझ्याभोवती गर्दी केली. कपाळावरची पाटी वाचून हसले, मोबाईलवर फोटो काढले. मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. कर्ण्यावरून कल्याणचं नाव पुकारलं गेलं आणि पंकजानं पुढं जाऊन ढाल घेतली.

त्याआधी मात्र दोन परीक्षक माझ्यापाशी थांबले होते. एकजण डाव्या बाजूला वाकून म्हणाला, "काय हात आहे! याला पहिलाच नंबर द्यायला हवा." दुसऱ्यानं मला फिरवलं. "ही बाजू बघा. इथं कुणा लहान मुलानं हात मारलेला दिसतो. सगळी नासवून ठेवली." दोघं हसले आणि पुढं गेले. पंकजा माझ्या शेजारीच उभी होती. ती माझी कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. परतीच्या सगळ्या वाटेत आमोस बोलत होता आणि ती माझ्या उजव्या बाजूवर पदर धरून बसली होती.

घरी तिनं कल्याणला ढाल दाखवली. परीक्षकांचं बोलणं सांगितलं नाही. एकदा डोळे मिटले की हो, दोनदा मिटले की नाही, अशी त्यांची खूण ठरलेली होती. दोन दिवसांनी तिनं मला उचललं आणि त्याच्या तोंडासमोर धरलं.

"अहो, ही उजवी बाजू मी पुन्हा करू का? तुमच्यासारखी? आता मला बरं जमतंय कापायला."

कल्याणनं डोळे मिटले. उघडले. पुन्हा मिटायला गेला आणि पापण्या अर्ध्यावरच अडकल्या. तोवर त्याच्या पापण्याही थकायला लागल्या होत्या. त्यानं जोर केला. डोळ्यांतून पाणी आलं, पण पापणी काही मिटली नाही.

"रडू नका," पंकजा म्हणाली आणि तिनं ते पाणी पुसलं. "झ्याक करते. तुमाला बघायला बरं वाटंल."

ती त्याच्या समोरच बसली, त्याला दिसावं म्हणून. तिनं पॉलिश पेपर घेतला आणि माझा ओघळ घासायला सुरुवात केली. कल्याणच्या घशातून आवाज आला. तिला वाटलं, कफ अडकला. चटकन उठून तिनं त्याला कुशीवर वळवलं, पाठ थापटली, तोंड पुसलं, पुन्हा सरळ केलं. मग परत येऊन पेपर हातात घेतला. मला ओरडायचं होतं. माझ्या चालकासमोर बटणं आहेत, हॉर्नचंही एक आहे. त्यातलं कुठलंच वाजत नाही.

तिनं वाकडी पट्टी सोलली. हूक उपटले. टिकली खरवडली. काकणाचा तुकडा काढताना त्याचे दोन तुकडे झाले. घासता घासता दाराचं प्लॅस्टिक पातळ होऊन मधोमध भोक पडलं. ते भोक बघून ती घाबरली. मग भोकात पुट्टी भरून, वर राखाडी प्रायमर मारून म्हणाली, "आता आधी नीट वाळू देते. मग सावकाश करू, अजिबात घाई न्हाई."

प्रायमर वाळला. त्याच आठवड्यात, सकाळच्या चहाच्या वेळी, कल्याण गेला. शेवटपर्यंत मी त्याच्या समोरच होते, राखाडी बाजू त्याच्याकडे करून.

दहाव्यानंतर आमोस आला. म्हणाला, "वहिनी, ती गाडी दुकानात काचेत ठेवू. आल्यागेल्याला कल्याणची आठवन ऱ्हाईल."

"न्हाई आमोसभाऊ," पंकजा म्हणाली. "त्यांची शेवटची गाडी मी नासवली. त्यांच्या डोळ्यांदेखत नासवली. लोकांना काय दाखवू?"

आमोस तोंडात येईल ते समजुतीचं बोलला. त्याला तरी काय ठाऊक होतं? झुंबरबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला त्या दोघांचं बोलणं ऐकूच आलं नाही. वर्षाच्या आत म्हातारीही गेली. पंकजानं रेडियमचं दुकान थोडे दिवस चालवलं, मग बंद केलं आणि ती खर्ड्याला आपल्या भावाकडं राहायला गेली. बाकीच्या गाड्या तिनं आमोसला दिल्या. मला मात्र दिलं नाही आणि टाकूनही दिलं नाही. माझा खोका भावाच्या घराच्या माळ्यावर, सणासुदीच्या पातेल्यांच्या मागं ठेवला.

मी तिथंच आहे. उंदरांनी खोक्याचा कोपरा कुरतडलाय. घुमटाला तडा गेलाय. गोंद सुटत चाललाय. मागची एक नळी केव्हाच गळून पडली. दिवाळीत पातेली काढायला पंकजा वर येते. एकदा तिनं झाकण उघडलं होतं. माझ्या उजव्या बाजूवरून तिनं एक बोट फिरवलं आणि "माफ करा," असं हळूच म्हणून झाकण लावलं. त्यानंतर तिनं खोका उघडलेला नाही.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू शेवटी आमची काळजी घ्या असं सांगत असतो. मला पुसा, रंगवा, काचेत ठेवा, असं मी म्हणणार नाही. माझे फार दिवस राहिलेले नाहीत. तुमच्या घरी कुणी न जमणाऱ्या हातांनी काही केलेलं असेल, तर ते नीटनेटकं करायला जाऊ नका, एवढं ऐका. आणि दुसरं एक काम करा. खर्ड्याला किल्ला बघायला पुष्कळ लोक येतात. कधी आलात, तर पंकजाचं घर विचारा. ती आता ब्लाउज शिवते, कुणीही दाखवील. तिला सांगा की कल्याणला हो म्हणायचं नव्हतं. त्याला तीच बाजू सगळ्यांत आवडत होती, असं तो आपल्या आईला म्हणाला होता.

ती मशीन थांबवील आणि विचारील, "तुमाला कुनी सांगितलं?" माझं नाव घेतलंत तर ती विश्वास ठेवणार नाही. दुसरं कुणाचं नाव सांगावं, ते मला इतक्या वर्षांत सुचलेलं नाही.