चाकांवरची पांढरी धूळ

मी एक जुनी रक्ततपासणीची गाडी आहे. इस्पितळाच्या मागच्या अंगणात विटांवर उभी असते. माझ्या पोटात मोडक्या खुर्च्या कोंबल्या आहेत आणि आरशावर कावळा बसतो. पण मित्रांनो, एके काळी माझा तोरा काही औरच होता!

माझा जन्म एका मोठ्या कामासाठी झाला. लाखो माणसांचं रक्त, रक्तदाब, घराण्यातले आजार, सारं गोळा करायचं आणि त्यावरून कोणतं औषध किती द्यावं ते ठरवायचं. त्यात तऱ्हेतऱ्हेची माणसं हवीत, ही पहिली अट. माझ्यात एक आरामखुर्ची होती, रक्ताच्या नळ्या ठेवायला थंड पेटी होती. पुढे चालक आणि डॉक्टर मॅडम बसत. चालक मूळचा डोंगरावरच्या दगडखाणीच्या वस्तीतला; त्याची धाकटी बहीण तिथेच दिलेली होती. तिचं हृदय अधू होतं.

ती वस्तीही आम्हाला नेमून दिली होती. पण चढावाचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे, आणि रक्त तर संध्याकाळच्या आत प्रयोगशाळेत पोचलंच पाहिजे. म्हणून पायथ्याशी आलं की मॅडम घड्याळ बघत आणि मला मागे वळवत. वस्तीचा आकडा बाजारपेठेतल्या माणसांवर भागवला जाई.

"मॅडम, वरची माणसं रक्त द्यायचं म्हणून सकाळपासून उपाशी थांबलीत हो," चालक म्हणायचा.

"अहो, शितावरून भाताची परीक्षा करतातच ना? माणसाचं रक्त इथूनतिथून सारखंच."

मॅडम वाईट नव्हत्या. दमलेल्या असायच्या.

काम पुरं झालं, कौतुक झालं. रक्त पातळ करायची गोळी किती द्यावी, हे आमच्या माहितीवरून ठरलं. तिने पुष्कळ माणसं वाचवली, याचा मला आजही अभिमान आहे. चालकाच्या बहिणीलाही तीच गोळी, तेवढीच मिळाली. पण खाणीवरची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आपसातच सोयरीक करणारी. त्यांच्यातल्या अनेकांच्या अंगात ती गोळी लवकर जिरत नव्हती, साठत जायची. हे कळणार कसं? त्यांचं रक्त तपासलं होतं कोणी?

आधी तिच्या हिरड्यांतून रक्त आलं. मग नाकातून आलं, ते थांबेचना. निरोप मिळताच चालकाने कोणाला न विचारता मला चढावावर घातलं. माझ्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे मोडले, पण मी वर पोचले. पहिल्यांदाच! बहिणीला आरामखुर्चीवर निजवलं, तेव्हा तिने डोळे उघडून माझ्या छताकडे पाहिलं.

"दादा, आली होय रे तुझी गाडी आमच्याकडे?"

"आली गं. बोलू नकोस तू."

इस्पितळाच्या दाराशी पोचलो तेव्हा ती गेली होती. मॅडम धावत आल्या. चालकाने आवाज चढवला नाही.

"मॅडम, ते शीत आमच्या भांड्यातलं नव्हतं."

त्या तिथेच पायरीवर खाली बसल्या.

आता नवी गाडी आली आहे. खाणीची वस्ती तिलाही नेमून दिली आहे, म्हणे सर्वांत आधी. मित्रांनो, मला रंग लावा, असं मी म्हणणार नाही. उद्या तुम्ही अशा गाडीत बसलात, तर पायथ्याशी घड्याळ बघू नका, एवढंच मागते. नवी गाडी संध्याकाळी शेजारी येऊन थांबली की मी आधी तिची चाकं बघते. खाणीची धूळ पांढरी असते, लपत नाही.

आजही तिची चाकं काळीच होती.