देवळातला कान असलेला कॅमेरा

हंगामाच्या सणाला शिरूरच्या ख्रिस्ती देवळात पुढच्या टेबलावर भोपळे, ज्वारीची कणसं, अंडी आणि पायाला सुतळी बांधलेला एक तांबडा कोंबडा, असं सगळं प्रभूला वाहिलं होतं. उपासनेनंतर त्याचा लिलाव व्हायचा. लिलावाची वेळ झाली तेव्हा सुतळी होती, कोंबडा नव्हता. त्या वेळी आवारात मंडळीच्या माणसांखेरीज चिटपाखरू नव्हतं. म्हणजे चोर बाहेरचाच असणार, असं कमिटीनं एकमतानं ठरवलं आणि कॅमेरा घ्यायचं पक्कं झालं.

कोणता घ्यायचा, यावर मात्र कित्येक रविवार गेले. सेक्रेटरी नथानिएल सरांना वायरचा, ॲनालॉग कॅमेरा हवा होता. वायर भिंतीवरून रेकॉर्डरपर्यंत, रेकॉर्डर कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली सरांच्या खिशात. सरांच्या खिशात गेलेली किल्ली पुन्हा उजेडात येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रांजणगावच्या कारखान्यात सुपरवायझर असलेल्या जॉन्सनला नेटवर चालणारा हवा होता.

"सर, ॲनालॉगचा जमाना गेला," तो म्हणाला. "ह्यो आयपी हाय. ज्याच्या त्याच्या मोबाईलवर लाईव्ह दिसतंय, वर आवाज बी येतोय."

चित्र कशात स्वच्छ येतं, लाईट गेल्यावर काय करायचं, यावर कुणी चकार शब्द काढला नाही. शेजारच्यांपैकी कोण उपासनेला आलं नाही ते घरबसल्या बघायला मिळणार म्हटल्यावर मतं धडाधड जॉन्सनकडं गेली. पासवर्ड मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, आणि तो गुप्त ठेवावा अशी खाली नम्र विनंतीही टाकली.

देऊळ झाडणाऱ्या दयाबाईला कुणी काही विचारलं नाही. तिच्याकडं बटनांचा फोन, तिला ग्रुप कुठला माहीत असायला! खांबावर पांढरा गोळा बसला तसा तिनं तो फडक्यानं पुसला आणि 'बघतोय तर बघू दे बापडा' म्हणून कामाला लागली. त्याला कानही असतात, हे तिच्या स्वप्नातसुद्धा आलं नाही.

आणि दयाबाईची प्रार्थना असायची मोठ्यानं. मनातल्या मनात केलेली प्रार्थना तिला खरी वाटत नसे. देवाला काय लोकांची मनं ओळखत बसण्याचा एकच उद्योग आहे का? दुपारी झाडलोट झाली की शेवटच्या बाकावर बसायचं आणि गुडघ्यापासून सुरुवात करायची. मग घरचा गळका नळ, मग गाताना नथानिएल सरांचा लागणारा भसाडा सूर. हे सगळं झालं की आवाज खाली यायचा आणि टोनीचं नाव निघायचं. ते नाव ती अख्ख्या जगात फक्त तिथंच घ्यायची.

टोनी तिचा एकुलता एक. नोकरीसाठी दौंडला गेला आणि राहू गावच्या एका धनगराच्या पोरीशी, पूनमशी, कोर्टात लग्न करून आला. दयाबाईनं दोघांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. त्यानंतर ना त्यानं फोन केला, ना तिनं. दोघंही एकाच मातीची, वाकणार कोण?

"प्रभू, पोर मेंढपाळाची म्हणून मी तिला घरात घेतलं न्हाई," ती रोज म्हणायची, "आन् तू सुदिक मेंढपाळच की! माझंच चुकलं. पोरगी गुणाची हाय म्हंत्यात. पर टोनीला सांगू नगंस हां. डोक्यावर बसंल."

पुढं गंमत अशी झाली की दयाबाईच्या प्रार्थना भराभर फळाला येऊ लागल्या. गळक्या नळासाठी जॉन्सन स्वतः पाना घेऊन दारात उभा राहिला. त्याच्या बायकोनं, प्रिन्सीनं, गुडघ्याला लावायला तेल आणून दिलं. नथानिएल सर तर गाणं सुरू झालं की ओठ मिटून उभे राहू लागले आणि दयाबाई समोर आली की सलामही न करता निघून जाऊ लागले. इतकी वर्षं ढिम्म बसलेला देव एकाएकी कामाला कसा लागला, याचं तिला नवल वाटलं. आपला विश्वासच वाढला असावा, असं ती धरून चालली.

बिंग फोडलं ते प्रिन्सीनं. "मावशी, प्रार्थनेत माझं बी नाव घ्या की," ती लाडात म्हणाली. "परवा शेजारच्या पुतळाबाईचं घेतलंत, माझं न्हाई घेतलं."

"मी कुणाचं घेतलं, ते तुला गं काय ठावं?"

प्रिन्सीनं जीभ चावली, पण आता उशीर झाला होता. दयाबाईनं दटावल्यावर तिनं मोबाईल पुढं केला. त्यात रिकामं देऊळ दिसत होतं आणि पंख्याची घरघर ऐकू येत होती.

दयाबाईच्या पायाखालची जमीन सरकली. नळाचं ऐकलं, गुडघ्याचं ऐकलं, ऐकू दे मेलं. पण टोनीचं? ते या लोकांनी भाकरी थापता थापता, टीव्हीचा आवाज कमी करून ऐकलं होतं. तिला भयंकर लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग संताप आला.

दुसऱ्या दिवशी ती बाकावर बसलीच नाही. थेट खांबासमोर उभी राहिली.

"प्रभू, तांबडा कोंबडा कुणी नेला ते तुला ठावं हाय. मला बी ठावं हाय. आज नाव घेत न्हाई, उद्या घेईन. रश्श्यात भाकरी कुणी कुणी चुरली, ते बी सांगीन."

वास्तविक तिला कोंबड्याचा काडीचाही पत्ता नव्हता.

सकाळी देवळाच्या पायरीला दोन कोंबडे बांधलेले सापडले. गेला होता एक. जादाचा दयाबाई घरी घेऊन गेली.

त्याच दिवशी कमिटीची तातडीची सभा बसली. ॲनालॉग किती चांगला, हे जॉन्सनच उठून सांगू लागला. नेट म्हंजी हॅकिंग आलं, वायर ती वायर. सरांच्या खिशाविषयीही कुणाला शंका उरली नाही. सगळे हात वर गेले आणि ग्रुपवर मेसेज पडला: उद्यापासून वायरचा कॅमेरा, आवाज येणार नाही. प्रिन्सीनं येऊन ते सांगितलं तेव्हा दयाबाईनं सुटकेचा श्वास टाकला.

संध्याकाळी तिच्या दारात मोटारसायकल थांबली. टोनी होता, आणि मागं पूनम. दयाबाई दारातून बाजूला झाली. दोघं आत येऊन बसली. तिनं चहा टाकला.

"रस्ता कसा हाय आता?"

"बरा हाय."

"तिकडचा ऊस गेला का?"

"गेला."

चहा संपला. बोलणंही संपलं. टोनी गाडी वळवायला बाहेर गेला तशी पूनम हळूच म्हणाली, "आई, ह्यांनी ग्रुप कवा सोडलाच न्हवता. रोज दुपारी मोबाईल कानाला लावून बसत्यात. तुमचं गुडघ्याचं सुरू झालं की मला बी हाक मारत्यात. उद्यापासनं आवाज न्हाई म्हणून मेसेज आला, तवापासनं पोटात अन्नाचा कण न्हाई. मीच म्हटलं, चला, जाऊन येऊ."

"समदं ऐकलं तुमी?"

"मेंढपाळाचं बी ऐकलं," पूनम म्हणाली आणि हसली.

त्या पोरीला जवळ घ्यावं, माफी मागावी, पोराला हाक मारावी, असं दयाबाईला फार फार वाटलं. तोंडातून निघालं ते एवढंच, "एक कोंबडा घिऊन जा."

दुसऱ्या दिवशी कॅमेरे बसवणारा माणूस देवळात शिडी लावून खांबावर चढत होता. दयाबाईनं खालून शिडी धरली. "उतर खाली."

नथानिएल सर धावत आले. "दयाबाई, अहो, तुमच्यासाठीच तर बदलतोय आम्ही!"

"माझ्यासाठी व्हय? मग ऱ्हाऊ द्या नेटचाच."

"पण सगळी मंडळी ऐकते!"

"ऐकू द्या. कोंबड्याचं नाव मी घेत न्हाई, जावा."

यावर कमिटीला फार विचार करावा लागला असं नाही. नेटचा कॅमेरा राहिला आणि सर रिकाम्या खिशानं घरी गेले.

दुपारी झाडलोट झाली. आज दयाबाई शेवटचा बाक सोडून पहिल्या बाकावर, खांबाच्या अगदी खाली येऊन बसली. पदर नीट केला. डोळे मिटून, हात जोडून, सवयीनं "प्रभू" म्हणाली आणि थांबली. मग डोळे उघडून तिनं वर पाहिलं.

"प्रभू, तू वाईच थांब," ती म्हणाली. "आधी मला टोनीशी बोलायचं हाय. टोनी, माझं चुकलं रं."