वरचं टोक

देवश्रीनं मुंबईच्या एका क्लबातून जुनी शिडाची होडी विकत घेतली आणि टेम्पोत घालून तुडीलला आणली, तेव्हा गावाला वाटलं, ही बाई मासे धरायला आलीय. ती महाडच्या एमआयडीसीत इंजिनिअर होती. २००२ साल होतं. सोळा फुटांची ती होडी तिनं दोन रविवार सावित्रीत चालवून पाहिली, पण डोलकाठी एका अंगाला कलायची आणि होडी सरळ म्हणून जायची नाही. पुस्तकात बघून तिनं काठीला ताणून धरणाऱ्या तारा आवळल्या, तर काठी मधेच वाकली.

गावातली अंगणवाडी चालवणारी आम्रपाली तिला म्हणाली, "माझ्या बाबांना विचारा ना. तीस वर्षं मुंबईच्या गोदीत खलाशी होते, धक्क्यावरचे. जहाजांच्या तारा ताणायचंच काम."

तिचे वडील बुद्धरत्न आधी नको म्हणाले. "आता हातात जोर नाय, मॅडम." पण पुढच्या रविवारी सकाळी चिंध्या, पाना आणि मेजपट्टी घेऊन ते नदीवर हजर होते. ओहोटी लागली होती. होडी चिखलावर टेकली होती आणि पलीकडच्या काठावर एक मगर ऊन खात पडली होती.

काठीला तीन तारा होत्या. एक पुढे नाळेला, म्हणजे होडीच्या टोकाला, दोन दोन्ही बाजूंना. प्रत्येकीच्या खालच्या टोकाला ताण कमीजास्त करायचा स्क्रू. बुद्धरत्नांनी चिंधी हातात धरून एकेका तारेवरून, हात जाईल तिथपर्यंत फिरवली. तारेतला एखादा धागा तुटला असेल तर चिंधी अडकते. अडकली नाही. मग त्यांनी सगळे स्क्रू सैल केले.

"अहो, मी एवढं घट्ट केलं होतं!" देवश्री म्हणाली.

"आवळलेल्यावर आवळत गेलं, की चुकलं कुठं ते कळत नाय."

शिडाच्या दोरीनं मेजपट्टीचं टोक काठीच्या शेंड्यापर्यंत चढवलं आणि तिथून होडीच्या दोन्ही काठांपर्यंत मापं घेतली. एका बाजूला दीड इंच जास्त भरलं. मग उजवीकडे दोन फेरे, डावीकडे एक, पुन्हा माप. दोन्ही बाजू सारख्या झाल्यावर दोन्हीकडे सारखेच फेरे. मधूनमधून बुद्धरत्न काठीच्या बुडाशी उताणे पडून एक डोळा मिटून वर बघत. शेवटी त्यांनी तार अंगठ्यानं दाबली.

"ताण किती हवा ते कसं कळतं?" तिनं विचारलं.

"पुस्तकात काय लिवलंय?"

"किलोत आकडा दिलाय."

"मग तो बरोबरच असंल. माझ्याकडं काटा नाय, अंगठा हाय."

अकरा वाजता काम संपलं. काठी ताठ उभी होती. तीनला भरती पुरेशी चढली, की शीड लावून बघायचं ठरलं. आम्रपालीनं भाकरी आणि सुकटीची चटणी आणली. जेवताना बुद्धरत्न सारखे वर बघत होते. अर्धी भाकरी हातात राहिली.

"मॅडम, काठी उतरवावी लागंल."

"का? काय झालं?"

"वरचं टोक बघितलंच नाय मी. तार काठीला अडकवलीय ना, तिथं. खालनं हात पोचला तितकं पुसलं आणि बरं हाय म्हटलं."

"बाबा, आता?" आम्रपाली ओशाळली. "त्यांना आठवड्यात एकच दिवस सुट्टी असते."

देवश्रीला राग आला होता. "काका, आता उतरवली तर आजची भरती गेली. वर काही नसेलच."

बुद्धरत्न भाकरी ताटात ठेवून म्हणाले, "असंच एकदा म्हटलं होतं मी. गोदीत माझ्यासंगं मुरारी होता, पोलादपूरचा. जहाज सुटायची घाई. साहेबानं इचारलं, तारा बघितल्यास का? मी खालनं बघून हो म्हटलं. तार वरनं तुटली. मुरारीचा पाय गेला. आता त्याच्या गावी स्टँडजवळ टपरी हाय त्याची. कधी गेलो तर चहा पाजतो. एका शब्दानं दोष देत नाय. त्याला ठाऊकच नाय, मी वर बघितलं नव्हतं ते."

आम्रपाली वडिलांकडे बघत राहिली. हे तिनंही कधी ऐकलं नव्हतं.

देवश्री उठली आणि पाना घेऊन स्क्रूपाशी गेली.

तिघांनी मिळून काठी उतरवली. बुद्धरत्नांनी तिन्ही टोकांवरची काळी चिकटपट्टी सोलली, चिंधी फिरवली, मग नखानं एकेक धागा चाचपला. कुठं काही नव्हतं. तारा नव्यासारख्या होत्या.

"काय नाय निघालं," ते म्हणाले आणि चिखलातच बसले. "फुकट दिवस घालवला तुमचा."

देवश्री आडव्या काठीच्या शेंड्याकडे बघत होती. गुरुवारी कारखान्यात टॉवरवरच्या व्हॉल्व्हची तपासणी होती. ऊन फार होतं म्हणून ती शिडी चढली नव्हती. खालून बघून यादीवर बरोबरची खूण केली होती.

"उद्या मला एक काम आहे," ती म्हणाली. "ते असू दे. काका, परत उभी करू. आता मापं मी घेते, फेरे मी देते. तुम्ही नुसतं बघा."

संध्याकाळ झाली. तिच्याकडून दोनदा चुकलं आणि दोन्ही वेळा बुद्धरत्नांनी तिला सगळं सैल करायला लावलं.

पुढच्या रविवारी भरती सकाळीच आली. देवश्री होडीत चढली आणि बुद्धरत्नांना म्हणाली, "चला."

"मी? गोदीतली माणसं धक्क्यावरच. जहाज सुटलं की आमचं काम संपलं. शिडाच्या होडीत कधी बसलो नाय."

"बसा की, बाबा," आम्रपाली म्हणाली.

ते बसले, दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून. खाडीकडून वारा आला, शीड भरलं आणि होडी एका अंगावर होऊन पाणी कापत निघाली. ती सरळ जात होती. वाऱ्याकडची तार ताणली गेली, पलीकडची लोंबायला लागली. बुद्धरत्नांनी एक हात सोडून ती हलवून बघितली.

"दोन्हीकडं अर्धा अर्धा फेरा लागंल."

"परत फिरू का?"

त्यांनी पुढे बघितलं. नदी तिथं रुंद होऊन डोंगराआड वळत होती.

"काठावर गेल्यावर देऊ," ते म्हणाले. "त्या वळणापल्याड काय हाय, ते बघू आधी."