पंगतीला एकटा

चौसाळ्याच्या शिवलिंगप्पा वाण्याचा मन्मथ औरंगाबादेला कॉलेजात निघाला, तेव्हा अर्धं गाव मोटारीपर्यंत पोचवायला आलं. निजामाच्या राज्यात आमच्याकडचा पोरगा मिडल पास झाला तरी लोक पेढे वाटत. कॉलेज म्हणजे तर आभाळच. त्या आभाळात बोलायला कुणी नसतं, हे मात्र गावानं सांगितलं नव्हतं. गावाला तरी कुठं माहीत होतं म्हणा.

तास सगळे उर्दूत. मन्मथला उर्दू वाचता यायची, लिहिताही यायची. बोलायची वेळ आली की तो मान खाली घाली. त्यात बोर्डिंगातली जेवणाची घंटा. त्याच्या घरचा नेम असा, की आंघोळ करून गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घ्यायचं, भस्म-बेल वाहून पूजा करायची आणि मगच तोंडात घास घालायचा. घंटा व्हायची तेव्हा स्वारी डोळे मिटून बसलेली. खाली उतरेपर्यंत पंगत उठलेली असे. दीड वर्ष तो रिकाम्या पाटांसमोर गार भाकरी खात राहिला.

मग त्याच्या मनानं घेतलं, की सगळं दुखणं या पूजेचंच आहे. एके दिवशी, तोही सोमवारी, लिंग गळ्यातच ठेवून तो घंटेसरशी पाटावर जाऊन बसला. दोन्ही बाजूंची पोरं जेवली, उठली, हात धुऊन गेली. त्याच्याशी कुणी चकार शब्द बोललं नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तेलही गेलं, तूपही गेलं. तरी महिनाभर तो तसाच जात राहिला, कारण चुकलो म्हणणं त्याहून जड होतं.

दिवाळीच्या सुटीत घरी आला. त्याची माय बसम्मा हिनं पूजेची तयारी मांडून ठेवली होती. त्यानं लिंग हातावर घेतलं, पण बेल उचलला नाही. नेम मोडलेल्यानं आधी मठाच्या स्वामींकडून प्रायश्चित्त घ्यावं, असं त्या घरात होतं. सांगावं तर माय मनातून उतरवणार, कदाचित कॉलेजही सुटणार. न सांगावं तर त्याच हातानं बेल वाहायचा.

"तू चिठ्ठीत लिव्हलंतं," बसम्मा म्हणाली, "पूजा करून उन्हं चढली की जेवतो म्हून. मी बी तवाच बसते. वाटतं, पोरगं समोरच हाय."

मन्मथला तेव्हा कळलं. दीड वर्ष आपल्यासोबत कुणीतरी जेवत होतं, आणि आपणच तिला फसवलं.

"माय, महिना झाला, मी पूजा न करताच जेवतो."

"कावून?"

"समद्यासंगं बसावं वाटलं. एकट्याच्या गळ्याखाली घास उतरत न्हवता."

आता बोलणी बसणार म्हणून त्यानं मान खाली घातली.

"मंग बोललं का कुनी?"

"न्हाई."

"आन तू? तू बोललास का कुनाशी?"

कोण बोललं नाही याचा हिशेब त्याला तोंडपाठ होता. आपण कुणाला साधं नाव विचारलं नाही, हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. स्वामींनी एका उपासावर भागवलं. मायचा प्रश्न मात्र मोटारीत परतीच्या वाटेवरही त्याच्या शेजारी बसून आला.

कॉलेजात परतल्यावर पहिल्याच दिवशी त्यानं निवांत पूजा केली आणि खाली उतरला. पंगत उठली होती. एकच जण मागं राहून ताक पीत होता. मन्मथ त्याच्यासमोर बसला.

"मी मन्मथ. चौसाळ्याचा."

"ठावं हाय. मी त्रिंबक, माजलगावचा. दीड वर्ष झालं, तुमच्या शेजारच्याच खोलीत हाय."

"मंग बोललात कावून न्हाई?"

त्रिंबक चपापला. "तुमी रोज मागून एकटेच जेवायचे. आमाला वाटलं, तुमच्यात जेवताना दुसऱ्याशी बोलनं चालत न्हाई. पंगतीला आलात तवा बी मान खालीच. म्हून समदे तुमचा नेम सांभाळून गप बसायचे."

मन्मथला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. घास हातातच राहिला.

"मला बी हितं लई करमत न्हाई," त्रिंबक हळूच म्हणाला. त्याचं ताक कधीच संपलं होतं, पण तो उठला नाही.